फॉरमॅट न मारता फायली उघडून देणारा विश्रामबागेतला माणूस

आधी निकाल सांगते, कारण रिटर्नच्या दिवसांत कुणाला हकिकत वाचायला सवड नसते. विश्रामबागेतल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल. फायली उघडत नसतील, आणि त्याच्या आधी घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणी कॉम्प्युटरमधली फोल्डरं 'नीट लावून' ठेवली असतील, तर सांगलीत मी तुम्हाला दुसरीकडे पाठवणार नाही. हार्ड डिस्कच गेली असेल, आतून खटखट आवाज येत असेल, तर मात्र तिथे जाऊ नका. ते काम तो घेत नाही आणि तसं तोंडावर सांगतो.

आमचं ऑफिस गणपती पेठेत. हिशेब लिहिणं, जीएसटी, प्राप्तिकर. पार्ट्या, म्हणजे आमची गिऱ्हाइकं, बहुतेक मार्केट यार्डातल्या, हळद आणि बेदाण्याच्या अडतीवाल्या, शिवाय मिरजेचे दोन-तीन दवाखाने. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा पेठेतल्या सगळ्यांसारखे आम्हीही हातात येईल ते माडीवर नेत होतो. डेटा मिळेल त्या पेनड्राइव्हवर घेतला आणि पाणी उतरल्यावर मिळेल तसा परत टाकला. त्यामुळे आमच्या डी ड्राइव्हवर 'पुरानंतर', 'पुरानंतर नवीन' आणि 'पुरानंतर नवीन खरा' अशी फोल्डरं अजून होती. कुठल्यात काय आहे ते मला पाठ होतं. माझ्या पुतण्याला नव्हतं. तो बी.कॉम. होऊन ऑफिसात यायला लागला आणि त्याच्या शिस्तीला हे बघवेना. नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं तसं त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून सगळं पार्टीवार लावलं. आधी वर्षवार होतं. त्याची रचना माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. फक्त सोमवारी ऑफिस उघडल्यावर काहीच उघडेना.

म्हणजे काय काय, ते लिहिते, कारण तुमच्याकडेही यातलं काही ना काही दिसत असणार. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक केलं की ही वस्तू हलवली किंवा बदलली आहे असा निरोप. एक्सेलमधली अलीकडच्या फायलींची यादी उघडावी तर प्रत्येक नावाला 'सापडत नाही, हलवली की नाव बदललं की पुसली?' टॅलीत, म्हणजे हिशेब लिहायच्या प्रोग्रामात, यार्डातल्या एका जुन्या अडत दुकानाची कंपनी यादीतच नाही. पार्ट्यांना पत्रं काढायची वर्डची मेल मर्जची फाइल, तिला नावं-पत्ते सापडेनात. काही पीडीएफवर क्लिक केलं की विंडोज उलट आपल्यालाच विचारतं, ही कशात उघडू? आणि काही एक्सेल फायली डोळ्यांसमोर दिसतायत, नाव बरोबर, आकार बरोबर, तरी उघडायला नकार.

आधी आम्ही गावातल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात सीपीयू नेला. काउंटरवरच्या मुलानं तो टेबलावर ठेवून चालू केला, दोन आयकॉन दाबून पाहिले आणि 'विंडोज करप्ट, फॉरमॅट मारायला लागंल, डेटा रिकव्हरीचे साडेसात हजार वेगळे' असं सांगून टाकलं. काय हलवलं, कधी हलवलं, एक प्रश्न नाही. सीपीयू परत गाडीत घातला. यार्डातल्या एका पार्टीनं मग या माणसाचं नाव सुचवलं.

दुकान विश्रामबागेत, शंभर फुटी रोडच्या आतल्या गल्लीत आहे. एक शटर, एक टेबल, बाकी सगळं उघडलेल्या प्रिंटरांनी भरलेलं. मालक चाळिशीचा असेल. तोही आधी मारुती रोडला होता, 2019 च्या पुरानंतर वर आला. पाटी इतकी लहान आहे की शेजारचं झेरॉक्सचं दुकान विचारत जावं. फोनवर मी सगळं सांगितलं तर म्हणाला, "ताई, सीपीयू आणू नका. मीच येतो. फायली कुठनं कुठं गेल्या ते ज्यानं नेल्या त्याला समोर बसवा, बास."

आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी पुतण्याला विचारलं, "त्यानंतर मशीन बंद केलंवतं का?" केलं होतं. "मग गेलं. नाहीतर त्याच खिडकीत कंट्रोल झेड दाबत मागं मागं आलो असतो, चहा व्हायच्या आत." हे मला माहीत नव्हतं. वर्डमध्ये जसं कंट्रोल झेड चालतं तसंच फाइल हलवण्यालाही चालतं, पण मशीन बंद केलं की ती आठवण पुसली जाते.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. "सी वरनं डी वर नेलं, का डी मधल्या डी मध्येच?" बहुतेक सगळं डीमधल्या डीमध्येच होतं. तो लगेच सैल झाला. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की तिच्यातला मजकूर जागचा हलतच नाही, ती कुठल्या फोल्डरात आहे एवढी नोंद तेवढी बदलते. म्हणून अशा हलवण्यात फाइल बिघडायची भीती जवळजवळ नाही. एका ड्राइव्हवरनं दुसऱ्यावर किंवा पेनड्राइव्हवर हलवलं की मात्र आधी नक्कल होते, मग मूळ पुसलं जातं, आणि मध्ये लाइट गेली किंवा कुणी पेनड्राइव्ह उपटला तर अर्धवट राहू शकतं. मला तर हे आमच्याच धंद्यातलं वाटलं: रोजमेळात खतावणीचा पान नंबर जुनाच राहिला आणि खतावणीची पानं कुणी दुसऱ्या क्रमानं बांधली. रकमा सगळ्या जागेवर, पण शोधणारा भलत्याच पानावर.

मग त्यानं स्वतःची बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि सगळ्या डी ड्राइव्हची नक्कल घ्यायला लावली. तोवर एका फाइलला हात लावला नाही. नक्कल होईपर्यंत गप्पा, चहा, भडंग. मला घाई होती, मी घड्याळाकडे बघत होते, त्यानं दुर्लक्ष केलं. आता वाटतं बरोबर केलं. काम झाल्यावर ती नक्कल त्यानं आमच्या डिस्कवर घेऊन दिली आणि त्याच्या डिस्कवरची माझ्यासमोर पुसली. पार्ट्यांचे पॅन, बँकांचे उतारे आमच्याकडे असतात, त्यामुळे हे मी मुद्दाम लिहिते. पासवर्ड लागला तिथे कीबोर्ड माझ्याकडे सरकवून तो मान फिरवून बसला.

शोधाशोधीसाठी त्यानं 'एव्हरीथिंग' नावाचा एक फुकटचा छोटा प्रोग्राम टाकला. व्हॉइडटूल्सचा आहे. फाइलच्या नावातली दोन अक्षरं लिहिली की पूर्ण ड्राइव्हवर त्या नावाचं जे काही असेल ते टायपायच्या आतच समोर येतं, मराठी नावंसुद्धा. विंडोजच्या स्वतःच्या शोधात मी चहा पिऊन यायचे. हा प्रोग्राम फायलींच्या आत डोकावत नाही, ड्राइव्हवर नावांची जी यादी आधीच असते तीच वाचतो, म्हणून एवढा झटपट. एकाच फाइलच्या 'पुरानंतर'च्या तीन-तीन नकला निघाल्या. कुठली शेवटची, ते त्यानं 'बदलल्याची तारीख' या रकान्यावरनं लावलं. फाइल हलवली तरी ती तारीख बदलत नाही. शंका आली तिथे दोन्ही उघडून मला बेरजा बघायला लावल्या.

डेस्कटॉपवरचे आयकॉन हा काही मोठा विषय नव्हता. ते शॉर्टकट होते, फायली नव्हत्याच, जुन्या जागेचं बोट दाखवत बसले होते. पुसले, नवे केले. अलीकडच्या फायलींची यादीही तशीच, नव्या जागेवरनं एकदा उघडलं की आपोआप नवी होते.

पीडीएफची गंमत वेगळी. पुतण्यानं फायलींच्या नावांपुढची शेपटं दिसतील अशी सोय चालू केली होती, जी चांगलीच गोष्ट आहे. पण नावं बदलताना त्यानं अख्खं नाव निवडून 'ऑडिट रिपोर्ट 31.03.2024' असं लिहिलं. शेवटचं डॉट पीडीएफ त्यात गेलं, आणि विंडोजला वाटलं या फाइलचा प्रकारच 'डॉट 2024' आहे. असल्या प्रकाराची फाइल जगात कुणाकडेच नसल्यामुळे ते विचारत होतं कशात उघडू. शेवटी डॉट पीडीएफ लिहिलं की उघडली. मालक म्हणाला, "तारखेत टिंब नको, आडवी रेघ घाला." आमच्याकडे आता तसंच आहे.

खरा वेळ गेला तो दिसणाऱ्या पण न उघडणाऱ्या एक्सेल फायलींवर, आणि या माणसाला पैसे द्यावेत असं मला इथेच वाटलं. पुतण्यानं प्रत्येक पातळीवर पार्टीचं पूर्ण नाव लिहिलं होतं. आधी पार्टीचं नाव, आत 'प्राप्तिकर', त्यात पुन्हा पार्टीचं नाव आणि वर्ष, त्यात पुन्हा नाव आणि 'अंतिम ताळेबंद'. मालकानं पूर्ण पत्ता उचलून नोटपॅडमध्ये चिकटवला आणि खाली कर्सर कुठल्या रकान्यात आहे ते दाखवलं. विंडोजची नेहमीची मर्यादा 260 अक्षरांची. एक्सेलची त्याहून कमी, ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं धरून 218. आमच्या फायली बरोबर त्या दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या. विंडोज दाखवतंय, एक्सेल घेत नाही. आणि फोल्डरांची नावं मराठीत असली की हिशेब आणखी फसवा, कारण काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'प्राप्तिकर' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, कॉम्प्युटर त्याचे दहा मोजतो.

पुतण्या शिकलेला. तो म्हणाला, "पण विंडोज 10 पासून लांब पत्ते चालू करायची सोय आहे की, रजिस्ट्रीत." मालक हसला. "हाय की. पण एक्सेलला ती ऐकू येत न्हाई." मग त्यानं प्रत्येक पार्टीला यार्डातल्या गाळ्यासारखा छोटा कोड द्यायला लावला आणि नावं आखूड केली. हे पुतण्याकडूनच करून घेतलं, स्वतः बसून केलं नाही. कामाला उशीर झाला, पण आता नवीन फोल्डर करताना पोरगा स्वतःच अक्षरं मोजतो.

गोषवाऱ्याच्या फाइलचं थोडं सविस्तर सांगते, कारण यातला धोका बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. सगळ्या पार्ट्यांच्या फायलींतून एकेक आकडा उचलून आणणारी आमची एक मुख्य एक्सेल फाइल आहे. ती उघडताना विचारते, लिंका ताज्या करू का? हो म्हटलं की मूळ फायली सापडत नाहीत म्हणते. नको म्हटलं की निमूट उघडते आणि गेल्या वेळचे आकडे दाखवते. फाइल न उघडणं परवडलं, कारण निदान कळतं तरी. जुने आकडे बघून कुणी ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता काढला असता तर? मालकानं डेटाच्या टॅबमध्ये लिंकांची यादी उघडून एकेकीचा स्रोत बदलायला शिकवलं. सोबत एक गोष्ट सांगितली जी मी आता वहीत लिहून ठेवली आहे. मुख्य फाइल आणि तिच्या मूळ फायली एकाच फोल्डराखाली असतील आणि ते अख्खं फोल्डर उचलून हलवलं, तर लिंका बहुधा तुटत नाहीत, कारण एक्सेल त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर लक्षात ठेवतं. एकीला हलवलं आणि दुसरीला नाही, की तुटतात. मेल मर्जलाही पत्त्यांची फाइल नव्यानं दाखवली आणि तीही चालू झाली.

टॅलीचं दोन मिनिटांत झालं, पण सापडायला वेळ लागला. टॅलीचा डेटा 10003 असल्या नुसत्या आकड्याच्या फोल्डरात असतो. पुतण्याला तो आकडा बघून काही कळलं नाही आणि त्यानं ते 'इतर' नावाच्या फोल्डरात ढकललं. त्या जागी कुणीही असतं तरी तेच करतं. फोल्डर परत डेटाच्या जागी आणलं, कंपनी यादीत आली, व्हाउचरं सगळी शाबूत. टॅलीच्या आकड्यांना हात लावू नये अशी चिठ्ठी आता मॉनिटरला चिकटवलेली आहे, मालकाच्याच अक्षरात.

एक फाइल मात्र गेली ती गेलीच. पेनड्राइव्हवरनं हलवलेली, आकार शून्य केबी. त्यानं अर्धा तास झटून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ही न्हाई मिळत ताई. कुणाला मेल केलीवती का बघा." पार्टीला पाठवलेल्या मेलमध्ये जोडलेली सापडली. काउंटरवरच्या त्या मुलानं याच फाइलचे साडेसात हजार घेतले असते.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. लांबलचक नावं आखूड होईपर्यंत काम थांबू नये म्हणून त्यानं सब्स्टची आज्ञा देऊन एका खोल फोल्डरला थेट पी ड्राइव्ह असं नाव दिलं होतं. त्यानं पत्ता तात्पुरता आखूड होतो आणि एक्सेल तक्रार करत नाही. पण मशीन बंद केलं की तो ड्राइव्ह नाहीसा होतो, हे त्यानं पुतण्याला सांगितलं आणि मला नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी ऑफिसात आणि पी ड्राइव्ह गायब. फोन केला तर दुपारी चारपर्यंत उचलला नाही, कारण एक ते चार साहेब जेवून झोपतात. उचलल्यावर दोन वाक्यांत सुटलं, तरी माझी दुपार गेली ती गेलीच. शिवाय माणूस बोलतो फार. पूर, मिरजेच्या सतारी, मुलीची बारावी, सगळं ऐकावं लागतं.

पैसे बाराशे घेतले, त्यात ऑफिसात यायचे तीनशे. पावती मागितल्याशिवाय देत नाही. आमच्या धंद्यामुळे मी ती मागतेच. त्यानं साध्या पुस्तकातली फाडून दिली, ती चालते. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा पावतीवर नंबर नाही म्हणून कुणी घाबरू नये. कामाची गॅरंटी वगैरे काही लिहून मिळत नाही. लांबून मशीन जोडून काम करायला मी नाही म्हटलं तर त्यानं आग्रह धरला नाही.

जाताना काय हलवलं त्याची जमेल तेवढी यादी घेऊन जा, किंवा ज्यानं हलवलं त्यालाच घेऊन जा. तोवर मशीनवर नवीन काही साठवू नका. तोपर्यंत बंद केलेलं नसेल तर बंदही करू नका. जायच्या आधी सकाळी साडेदहा ते एकच्या दरम्यान फोन करा. आणि महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास जाणं टाळा, जीएसटीचं 3बी रिटर्न भरायच्या त्या दिवसांत तिथे आम्हीच सगळे करवाले रांगेत बसलेले असतो.